अंश सारखे, अंतर वेगळे

नाशिकचे प्रवासी विमानतळ ‘ओझरचे विमानतळ’ म्हणून ओळखले जाते. पण प्रवाशांची इमारत उभी आहे ती आमच्या दिंडोरी तालुक्यातील जानोरी गावच्या शिवारात, द्राक्षबागांच्या शेजारी. २०१८ साली येथून दिल्लीला थेट प्रवासी विमान सुरू झाले. पुढे कंपन्या बदलल्या, मध्ये खंडही पडला. तरी नाशिकहून दिल्लीला विमानाने जाता येते ही गोष्ट आता या भागात कोणाला नवलाची वाटत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता आपल्या शाळेतला पृथ्वीगोल टेबलावर घ्या आणि बोट नॉर्वे देशाच्या अगदी वरच्या टोकावर न्या. तेथे ट्रॉम्सो नावाचे शहर सापडेल. तेथून आणखी उत्तरेला, समुद्र ओलांडून गेल्यावर स्वालबार्ड नावाची बेटे लागतात. या बेटांवरचे मुख्य गाव लाँगइयरब्येन. वर्षभर नियमित विमाने जातात अशा जगातल्या अति उत्तरेकडच्या गावांपैकी हे एक. ट्रॉम्सोहून तेथे मोठी जेट विमाने जातात.

या दोन जोड्या मी मुद्दाम निवडल्या आहेत. त्यांचे अक्षांश-रेखांश पाहा. ओझर २०.१२ अंश उत्तर आणि ७३.९१ अंश पूर्व; दिल्ली २८.५७ उत्तर आणि ७७.११ पूर्व. ट्रॉम्सो ६९.६८ उत्तर आणि १८.९२ पूर्व, लाँगइयरब्येन ७८.२५ उत्तर आणि १५.४७ पूर्व.

वजाबाकी करा. ओझर ते दिल्ली अक्षांशांतला फरक ८.४५ अंश, रेखांशांतला ३.२० अंश. ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन अक्षांशांतला फरक ८.५७ अंश, रेखांशांतला ३.४५ अंश. दोन्ही फरक उत्तरेकडच्या जोडीचे जास्त आहेत. मग तिच्यातले अंतरही जास्त असायला हवे, असेच कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात मात्र ओझर-दिल्ली हवाई अंतर सुमारे ९९० कि.मी. भरते आणि ट्रॉम्सो-लाँगइयरब्येन सुमारे ९६० कि.मी. अंश जास्त आणि किलोमीटर कमी! हे कसे?

उत्तर मोसंब्यात आहे. मोसंबे सोलून त्याच्या फोडींकडे पाहा. प्रत्येक फोड मध्यभागी रुंद असते आणि देठाकडे निमुळती होत जाते. पृथ्वीवर दोन शेजारच्या रेखावृत्तांमधली पट्टी तशीच असते. विषुववृत्तावर एक अंशाची ही ‘फोड’ सुमारे १११ कि.मी. रुंद असते, कारण पृथ्वीचा परिघ सुमारे ४०,००० कि.मी. आहे आणि त्याला ३६० ने भागले की १११ येतात. दिंडोरीजवळ, २० अंशांच्या आसपास, हीच रुंदी १०४ कि.मी. होते. ६० अंशांवर ती बरोबर निम्मी, म्हणजे सुमारे ५६ कि.मी. राहते. लाँगइयरब्येनजवळ तर ती २३ कि.मी.सुद्धा भरत नाही. ध्रुवावर शून्य. उत्तर-दक्षिण अंतराचे तसे नाही. अक्षांशाचा एक अंश कुठेही मोजा, तो १११ कि.मी.च्या आसपासच राहतो. (पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्यामुळे तो विषुववृत्ताजवळ ११०.६ आणि ध्रुवाजवळ १११.७ कि.मी. भरतो, आपल्या कामाला १११ पुरेत.)

ही रुंदी किती घटते याचा नियम सोपा आहे. पृथ्वीची त्रिज्या ‘त्रि’ मानली, तर एखाद्या अक्षांशावरून जाणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या ‘त्रि’ गुणिले त्या अक्षांशाची कोज्या इतकी असते. कोज्या म्हणजे तुमच्या पुस्तकातला ‘कॉस’. कागदावर वर्तुळ काढा, मध्यातून परिघापर्यंत तिरकी त्रिज्या काढा आणि तिच्या टोकातून अक्षावर लंब टाका. तो लंब म्हणजेच त्या अक्षवृत्ताची त्रिज्या. दहावीच्या विद्यार्थ्याला यापेक्षा अधिक काही सांगण्याची गरज नाही.

आता हिशेब करू. ओझर आणि दिल्ली यांच्या मधला अक्षांश २४.३; त्याची कोज्या ०.९११. म्हणून पूर्वेकडे जायचे अंतर ३.२० × ०.९११ × १११, म्हणजे ३२४ कि.मी. उत्तरेकडे जायचे अंतर ८.४५ × १११, म्हणजे ९३८ कि.मी. या दोन बाजू काटकोनात आहेत. पायथागोरसचा सिद्धांत लावला की कर्ण ९९२ कि.मी. येतो. ट्रॉम्सोच्या जोडीत मधला अक्षांश जवळजवळ ७४. त्याची कोज्या फक्त ०.२७६. त्यामुळे रेखांशांतल्या ३.४५ अंशांचे झाले अवघे १०६ कि.मी. उत्तरेकडचे ९५१ कि.मी. घेऊन कर्ण काढला तर ९५७ येतो, आणि पृथ्वीचा चपटेपणा धरला की उत्तर ९६० च्या घरात जाते. गोलावर सपाट पृष्ठभागाचा सिद्धांत लावणे हे काटेकोर गणित नव्हे. पण हजार कि.मी.पर्यंत, ध्रुवाच्या अगदी जवळ जायचे नसेल तर, एवढ्याने काम उत्तम भागते.

वर्गातल्या भिंतीवरचा जगाचा नकाशा ही गोष्ट लपवून ठेवतो, अशी माझी जुनी तक्रार आहे. अनेक भिंतींवर दिसणारा नकाशा गेरार्डस मर्केटर याने १५६९ मध्ये बसवलेल्या पद्धतीचा असतो. त्यात रेखावृत्ते वरपर्यंत समांतरच राहतात. मोसंब्याच्या फोडी देठापाशी ताणून मध्याइतक्या रुंद केल्यासारखा हा प्रकार! आकार बिघडू नये म्हणून मग उत्तर-दक्षिणही तेवढेच ताणावे लागते. परिणामी ७८-७९ अंशांवर लांबी पाचपट आणि क्षेत्रफळ पंचवीसपट दिसते. स्वालबार्डचे क्षेत्रफळ सुमारे ६१,००० चौ.कि.मी., म्हणजे महाराष्ट्राच्या एक पंचमांश. पण मर्केटरच्या नकाशावर ही बेटे महाराष्ट्राच्या चौपट तरी दिसतात. हा नकाशा जहाजाची दिशा ठरवण्यासाठी केलेला होता, त्या कामात तो चोख आहे. अंतर मोजण्यासाठी पट्टी घेऊन त्याच्याकडे जाऊ नये.

पण आपल्याला या दूरच्या बेटांशी काय करायचे आहे, असे कोणी विचारील. करायचे आहे. स्वालबार्डवरच, लाँगइयरब्येनच्या वायव्येला, नी-ऑलेसुंड नावाची लहानशी वस्ती आहे. पूर्वी ती कोळसा-खाणीची वस्ती होती, आता तेथे अनेक देशांची संशोधन केंद्रे आहेत. त्यांत आपल्या देशाचे ‘हिमाद्री’ हे केंद्र आहे. भारताची पहिली आर्क्टिक मोहीम २००७ साली गेली आणि १ जुलै २००८ रोजी हिमाद्रीचे उद्‌घाटन झाले. त्याचा कारभार आपल्या शेजारच्या गोव्यातून, वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. डिसेंबर २०२३ पासून भारतीय शास्त्रज्ञ ध्रुवीय रात्रीच्या काळातही तेथे काम करू लागले. म्हणजे गोव्याच्या उकाड्यातून निघालेल्या माणसाला शेवटी लाँगइयरब्येन ते नी-ऑलेसुंड हा टप्पा पार करावा लागतो. या दोन ठिकाणांना जोडणारा रस्ता नाही. मध्ये हिमनद्या, डोंगर आणि समुद्राचे फाटे आहेत. जायचे ते बोटीने किंवा लहान विमानाने.

हे अंतर किती? नी-ऑलेसुंडची धावपट्टी ७८.९३ अंश उत्तर आणि ११.८७ अंश पूर्व येथे आहे. लाँगइयरब्येनपासून रेखांशांतला फरक ३.६० अंश. तेवढेच अंश आपण ओझरहून सरळ पूर्वेला गेलो, तर वाशीम ओलांडून दिग्रसच्या अलीकडे पोहोचू, ३७५ कि.मी.चा प्रवास होईल. तिकडे त्याच ३.६० अंशांचे होतात ७९ कि.मी. अक्षांशांतल्या ०.६८ अंशाचे ७६ कि.मी. मिळवून कर्ण काढला की उत्तर येते ११० कि.मी. बस्स, एवढेच.

आता वेळेचा प्रश्न. या मार्गावर अनेक वर्षे डॉर्नियर २२८ जातीची लहान विमाने वापरली गेली आहेत. दोन पंखे, एकोणीस आसने. हे नाव आपल्याला परके नाही. ज्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स कंपनीचा लढाऊ विमानांचा कारखाना आमच्या ओझरला आहे, तिच्याच कानपूरच्या कारखान्यात डॉर्नियर २२८ तयार होतात. हे विमान ताशी सुमारे ४०० कि.मी. वेगाने उडते. ११० कि.मी.ला किती वेळ? त्रैराशिक मांडा : साडेसोळा मिनिटे. प्रत्यक्षात मात्र पंचवीस मिनिटे लागतात. उरलेली साडेआठ मिनिटे कुठे गेली?

ती चढण्यात, उतरण्यात आणि वळण्यात गेली. विमान जमीन सोडते तेव्हा त्याचा वेग कितीतरी कमी असतो. वर चढताना इंजिनाची बरीच शक्ती उंची मिळवण्यात खर्च होते. मुक्कामाजवळ आल्यावर पुन्हा वेग कमी करावा लागतो आणि धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी वळसा घ्यावा लागतो. नी-ऑलेसुंडची धावपट्टी खडीची आणि फक्त ८०० मीटरांच्या आसपास लांब आहे; ओझरची आहे तीन कि.मी. तेथे वेगात येऊन चालत नाही. प्रवास जितका लहान, तितका या चढ-उताराचा वाटा मोठा. म्हणून २५ मिनिटांच्या या प्रवासात सरासरी वेग ताशी २६४ कि.मी. इतकाच पडतो.

मोठ्या विमानांच्या वेळापत्रकात आणखी एक गोष्ट असते. तेथे छापलेली वेळ आकाशातली नसते. विमान उभे असताना चाकांना पाचर म्हणून ठोकळे लावतात. ते काढल्यापासून मुक्कामी पुन्हा लावेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. ताशी ८०० कि.मी. वेगाने ओझर-दिल्ली ७४ मिनिटांत आणि ट्रॉम्सो-लाँगइयरब्येन ७२ मिनिटांत व्हायला हवे. वेळापत्रकात पहिल्याला साधारण दोन तास आणि दुसऱ्याला साधारण एक तास चाळीस मिनिटे दिलेली असतात. अंतराच्या हिशेबाने फरक दोनच मिनिटांचा, पण वेळापत्रकात वीस मिनिटांचा! दिल्लीच्या आकाशात उतरण्यासाठी रांग असते, उतरल्यावरही विमानाला जमिनीवर बरेच चालत जावे लागते. लाँगइयरब्येनला गर्दी कसली?

तिथली अडचण निराळी आहे, आणि ती गर्दीपेक्षा गंभीर आहे. समजा, विमान दिल्लीला पोहोचले आणि तेथे दाट धुके आहे. वैमानिक जयपूरला किंवा लखनौला जाऊन उतरेल. पण लाँगइयरब्येनला बर्फाचे वादळ असेल तर? ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य उगवतच नाही, त्यामुळे अंधारही सोबतीला. जवळपास नी-ऑलेसुंडची खडीची पट्टी आहे, पण तिच्यावर मोठे जेट उतरू शकत नाही. परत जायचे ते मुख्य भूमीवर, म्हणजे पुन्हा ९६० कि.मी. समुद्र ओलांडून. म्हणून निघतानाच तेवढे जादा इंधन घ्यावे लागते. येथे अंतराचे गणित चुकले तर केवळ गुण जात नाहीत.

या गणितात वारा आला की ते आणखी रंगते. विमान हवेत उडते आणि ती हवाच वाहत असते. समोरून ताशी १०० कि.मी.चा वारा असेल, तर ८०० चे विमान जमिनीच्या मानाने ७०० नेच सरकते; मागून असेल तर ९०० ने. पुष्कळांना वाटते की जाताना जेवढा वेळ वाया गेला तेवढा येताना वाचेल आणि हिशेब फिटेल. तो फिटत नाही. आपल्या डॉर्नियरचेच उदाहरण घ्या. वारा नसताना ११० कि.मी. जाऊन येण्यास ३३ मिनिटे (चढ-उतार सोडून). समोरून ताशी १०० चा वारा असेल तर जाताना वेग ३००, वेळ २२ मिनिटे. येताना वेग ५००, वेळ १३.२ मिनिटे. एकूण ३५.२. दोन मिनिटे गेलीच! कारण उघड आहे : विमान मंद वेगाने जास्त वेळ राहते आणि जलद वेगाने कमी वेळ. वाऱ्याचा वेग वाढवत न्या. तो ४०० झाला की जाणारे विमान जागच्या जागी थांबेल आणि ‘एकूण वेळ’ अनंत होईल. पुराच्या नदीत पोहणाऱ्याला हे गणित अंगाने कळते.

आता एक प्रश्न देतो, उत्तर वाचण्याआधी स्वतः विचार करा. ट्रॉम्सोहून लाँगइयरब्येनला निघालेले जेट ५०० कि.मी. गेले आहे. पुढे ४६० राहिले. समोरून ताशी १०० चा वारा आहे. अचानक एक प्रवासी अत्यवस्थ झाला. लवकरात लवकर जमिनीवर उतरायचे आहे. पुढे जावे की मागे फिरावे?

अर्ध्याहून जास्त वाट सरली आहे, तेव्हा पुढे जावे, असे मन म्हणते. पण पुढचे ४६० कि.मी. ताशी ७०० ने कापायला ३९ मिनिटे लागतील. मागचे ५०० कि.मी. वाऱ्याच्या पाठबळाने, ताशी ९०० ने, ३३ मिनिटांत संपतील. मागे फिरणेच बरे. दोन्हीकडे सारखाच वेळ लागेल असा बिंदू कोठे आहे? तो निघाल्यापासून ‘क्ष’ कि.मी. वर मानून समीकरण मांडले, तर क्ष भागिले ९०० बरोबर (९६० वजा क्ष) भागिले ७००, आणि क्ष येतो ५४०. अंतराचा मध्य ४८० वर आणि वेळेचा मध्य ५४० वर! समुद्रावरून जाणाऱ्या विमानाचे वैमानिक हा बिंदू निघण्यापूर्वीच काढून ठेवतात. (वळायला लागणारा वेळ येथे सोडून दिला आहे.)

नी-ऑलेसुंडचे नाव निघाले आहे तर एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ११ मे १९२६ रोजी याच वस्तीवरून ‘नॉर्गे’ नावाचे वायुपोत, म्हणजे हलक्या वायूवर तरंगणारे अवाढव्य विमान, उत्तर ध्रुवाकडे निघाले. त्यात दक्षिण ध्रुव जिंकणारा रोआल्ड आमुंडसेन होता आणि ते बांधणारा इटालियन अभियंता उंबेर्तो नोबिले होता. ध्रुव तेथून सुमारे १,२३५ कि.मी. सरासरी वेग ताशी पंचाहत्तर कि.मी.च्या जवळपास. सोळा-साडेसोळा तासांनी, १२ मे रोजी, ते ध्रुवावर पोहोचले आणि तसेच पुढे जाऊन अलास्कात उतरले. ते वायुपोत बांधून ठेवण्याचा उंच मनोरा नी-ऑलेसुंडला अजून उभा आहे.

ध्रुवावरून जाण्याचे आज एवढे महत्त्व का, ते दोऱ्याने पाहा. पृथ्वीगोलावर बंगळूर आणि अमेरिकेतले सॅन फ्रान्सिस्को यांवर दोऱ्याची टोके धरा आणि दोरा ताणा. तो आडवा पॅसिफिक महासागरावरून जाणार नाही. सरकत सरकत उत्तरेला पार आर्क्टिक प्रदेशात जाऊन बसेल. गोलावरच्या दोन बिंदूंतली सर्वांत जवळची वाट म्हणजे हा ताणलेला दोरा. तो ज्या वर्तुळाचा भाग असतो, त्याचा मध्य हाच पृथ्वीचाही मध्य असतो. त्याला बृहद्‌वृत्त म्हणतात. या दोन शहरांच्या रेखांशांत १६० अंशांचा फरक आहे, म्हणजे ती जवळजवळ पाठीला पाठ लावून बसलेली आहेत. मग डोक्यावरूनच जाणे जवळचे! जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या एका विमानाने सॅन फ्रान्सिस्को ते बंगळूर असा ध्रुवीय मार्गाचा प्रवास केला, तो वैमानिकांच्या कक्षात फक्त स्त्रिया असताना. कॅप्टन झोया अगरवाल प्रमुख होत्या; पापागारी तन्मयी, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास या त्यांच्या सहकारी. बृहद्‌वृत्तावरून अंतर सुमारे १३,९९० कि.मी., वेळ सतरा तासांहून अधिक. अशा मार्गावर बाहेरची हवा फार थंड असते आणि विमानाचे नेहमीचे इंधन उणे ४७ अंश सेल्सिअसला गोठू लागते, म्हणून टाकीतल्या तापमानावर सतत लक्ष ठेवावे लागते.

शेवटी तुमच्यासाठी आपल्याच उत्तरेकडची एक जोडी. लेह विमानतळ ३४.१४ अंश उत्तर, ७७.५५ अंश पूर्व. श्रीनगर विमानतळ ३३.९९ अंश उत्तर, ७४.७७ अंश पूर्व. रस्त्याने हे अंतर ४०० कि.मी.हून जास्त आहे. ३४ अंशांची कोज्या ०.८२९ धरा आणि हवाई अंतर काढा. उत्तर २५० ते २६० च्या दरम्यान यायला हवे. मग ताशी ८०० ने वेळ काढा आणि वेळापत्रकाशी ताडून पाहा. फरक दिसेल. त्याची कारणे शोधताना एवढे ध्यानात ठेवा, की लेहची धावपट्टी समुद्रसपाटीपासून ३,२०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे, तेथे हवा विरळ आहे, आणि दुपारी दरीत वारे सुटतात म्हणून तेथली प्रवासी विमाने बहुतेक सकाळीच ये-जा करतात.